ओळख आधी गंधाची

कुत्र्यामांजरांचे वैर जगजाहीर आहे; परंतु घरात ते बहुधा पहिल्या अर्ध्या तासातच पेटते. नवे पिल्लू कौतुकाने आणून थेट जुन्या मांजरीच्या पुढ्यात सोडले जाते. पिल्लू शेपूट हलवीत झेपावते, ते खेळण्यासाठी. मांजरीच्या भाषेत मात्र फटकारणारी शेपटी ही रागाची खूण. ती पंजा मारून पळते. आणि पळणाऱ्याच्या मागे धावणे हा तर कुत्र्याचा स्वभावच.

म्हणून आरंभी दोघांना वेगळ्या खोल्यांत ठेवावे. एकाच्या अंगाखालचे फडके दुसऱ्याच्या निजण्याच्या जागी ठेवावे. पुढे बंद दाराच्या दोन बाजूंना जेवू घालावे. परका वास आणि जेवण यांची सांगड बसली, की दार किलकिले करावे. प्रत्यक्ष भेटीत कुत्र्याचा पट्टा माणसाच्या हाती असावा, मांजरीला कपाटाच्या माथ्यावर जाण्याची वाट मोकळी असावी. तिला उचलून कुत्र्यापुढे धरणे, हे मुलांचे आवडते साहस, कटाक्षाने टाळावे.

यास कित्येक आठवडे लागतात, क्वचित महिने. या काळात मांजरीच्या ताटलीवर लक्ष असावे. माणसाला उपवास पेलतो, मांजरीला नाही. भीतीने पलंगाखाली दडून ती दोन-तीन दिवस उपाशी राहिली, तर यकृतात चरबी साचून जिवावर बेतू शकते. लठ्ठ मांजरीला हा धोका अधिक. ‘रुसली आहे, येईल आपणहून’ असे म्हणत बसू नये. दिवसभर तिने अन्नाला तोंड लावले नाही, तर पशुवैद्यांना दाखवावे आणि कुत्र्याला पुन्हा दाराआड ठेवावे.