खडी हवी, मग तिचा गाळही सांभाळा

बेंगळुरूभोवतीच्या दगडखाणींतून वाहणाऱ्या पावसाच्या पाण्याचा विषय निघाला की एक युक्तिवाद हमखास पुढे येतो. गाळ खाली बसवायच्या निवळणीच्या टाक्या वगैरे थंड देशांची थेरं. तिथे बर्फ वितळतो आणि खालची जमीन गोठलेली असल्याने पाणी मुरत नाही. आपल्याकडे पाऊस पडला, ऊन आलं, विषय संपला!

यात बेंगळुरूचा खडक विचारातच घेतलेला नाही. आनेकलपासून चिक्कबळ्ळापूरपर्यंत खडी निघते ती कठीण नीस आणि ग्रॅनाइटातून. लालबागेतला उघडा खडक याच कुळातला, वय सुमारे 300 कोटी वर्षं. वरची माती आणि मुरूम खरवडून काढला की या दगडात पाणी कितीसं मुरणार? बर्फ निदान दिवसेंदिवस वितळतो, इथला सप्टेंबरचा पाऊस तासाभरात कोसळतो. दोन हेक्टरांच्या आवारावर 50 मिमी पाऊस म्हणजे 10 लाख लिटर पाणी, 12,000 लिटरचे ऐंशीहून जास्त टँकर. थंडीचा एक मुद्दा मात्र खरा. शून्य अंशाजवळ पाणी इथल्यापेक्षा जवळपास दुप्पट चिकट असतं, गाळ निम्म्या वेगाने बसतो. म्हणजे आपलं काम त्यांच्याहून सोपं आहे. ते टाळायला हे कारण कसं पुरेल?

दुसरा दावा, खाणीचा खड्डा हाच आयता तलाव. खड्ड्यात पडलेलं पाणी खड्ड्यात राहतं, कबूल. पण क्रशर, मातीचे ढिगारे आणि डंपरचा रस्ता खड्ड्याबाहेर असतो, आणि काम सुरू करायचं तर साठलेलं पाणीही पंपाने उपसून ओढ्यातच सोडावं लागतं. शिवाय बेल्लहळ्ळी आणि मिट्टगानहळ्ळीच्या जुन्या खाणींत या शहराने कचरा ओतला. तलावाची भाषा आपल्या तोंडी शोभत नाही.

तिसरा दावा जास्त चलाख आहे: ही तर दगडाची पूड, विष थोडंच? विष नाही, खरंच. पण एम-सँड, म्हणजे दगड भरडून केलेली वाळू, धुताना निघते ती 75 मायक्रॉनखालची भुकटी. वाळूचा 0.1 मिमीचा कण स्थिर पाण्यात एक मीटर खाली बसायला दोन मिनिटं घेतो, 0.01 मिमीचा तीन तास आणि 0.001 मिमीचा बारा-तेरा दिवस. जाडा कण खाणीच्या दारातल्या डबक्यात थांबतो. बारीक कण राजकालुव्यातून, म्हणजे तलावांना जोडणाऱ्या मोठ्या नाल्यातून, पुढे जातो आणि साखळीतल्या पहिल्या संथ तलावात बसतो. तळ वर येतो, साठवण घटते, आणि उरलेलं पाणी खालच्या वस्तीत शिरतं. मग दोष फक्त अतिक्रमणाला!

यावर खाणीच बंद करा, असंही एक टोक आहे. बंद खाणीच्या ढिगाऱ्यावरही पाऊस पडतोच, आणि मेट्रोच्या खांबांना खडी कुठून तरी येणारच. नियम तर आहेतच: सर्वोच्च न्यायालयाने 2012 साली दीपक कुमार प्रकरणात लहान खाणींनाही पर्यावरण मंजुरी बंधनकारक केली. अशा मंजुऱ्यांत खाणीला वेढणारी चर, ढिगाऱ्याच्या पायथ्याशी भिंत आणि निवळणीची टाकी या अटी सर्रास असतात. चुकतं ते मापात. टाकीला खड्डा समजून खणतात. खरं तर तिथे पाण्याला थांबायला वेळ विकत घ्यायचा असतो.

म्हणून आधी डोंगराकडून येणारं स्वच्छ पाणी चरीने बाहेरूनच वळवावं, म्हणजे टाकीला फक्त आवारातलं गढूळ पाणी पेलावं लागेल. टाक्या एकामागोमाग दोन-तीन हव्यात आणि पाणी एका टोकाने शिरून दुसऱ्या टोकाने, वरच्या थरातूनच सांडावं. सर्वांत बारीक कण तेवढ्यानेही हटत नाहीत, तिथे तुरटी लागते. एम-सँड धुण्याचं पाणी तर बाहेर सोडूच नये. गाळ दाबून वेगळा करणारी यंत्रं बाजारात आहेत, पाणी पुन्हा वापरता येतं. ढिगाऱ्यांवर गवत लावावं, तेही पावसाच्या आधी.

खर्चाची ओरड होईल. ट्रकमागे काही रुपये वाढतील, ते घर बांधणाऱ्याने द्यावेत; आज तो खर्च तलावाकाठचा माणूस भरतो आहे. टाकीचं खोदकाम एकदाच होतं, गाळाचा उपसा दरवर्षी. गाळाने अर्धी भरलेली टाकी तपासणीच्या कागदावर पूर्ण टाकीच दिसते. म्हणून टाकीत गाळाची पातळी दाखवणारे आकडे रंगवलेला एक खांब उभा करावा, आणि मे व ऑगस्टच्या अखेरीस त्याचा तारखेसह फोटो असल्याशिवाय प्रदूषण नियंत्रण मंडळाने परवान्याचं नूतनीकरण करू नये.