लॅपटॉप कुठला घेऊ?

इंजिनिअरिंग ॲडमिशनचे कॅप राउंड सुरू झाले की आम्हा आयटीवाल्यांचा भाव एकदम वधारतो. एरवी "तू कंपनीत नक्की करतोस काय रे?" एवढंच विचारणारे मामा, काका, शेजारचे आजोबा सगळे आस्थेनं फोन करतात. प्रश्न ठरलेले. लॅपटॉप कुठला घेऊ? आत्तापासूनच पायथॉनचा क्लास लावू का? आणि तिसरा, जरा हळू आवाजात: "ते सुरुवातीचे दोन-तीन आठवडे इंडक्शन का ओरिएंटेशन असतं म्हणे. शिकवत तर काही नाहीत, तेवढ्यात कुलदैवताला जाऊन आलं तर चालेल ना?"

पहिल्या दोन प्रश्नांना माझं उत्तर 'जरा थांबा' असं असतं. पहिल्या सत्रात बहुतेक ठिकाणी कॉलेजच्या लॅबवर भागतं, आणि प्रोग्रॅमिंग तर पहिल्या वर्षी शिकवतातच. तिसऱ्या प्रश्नाला मात्र सरळ 'नाही'. कुलदैवताला दिवाळीत जा.

मंडळी, हे इंडक्शन प्रकरण आमच्या वेळी नव्हतं. मी २०१५ चा. आम्हाला सकाळी सभागृहात बसवलं, दीपप्रज्वलन झालं, तीन भाषणं झाली आणि दुपारी फळ्यावर मॅट्रिक्स! आयआयटी गांधीनगरनं मात्र २०११ मध्येच नव्या मुलांसाठी पाच आठवड्यांचा फाउंडेशन प्रोग्रॅम सुरू केला होता. २०१६ मध्ये बनारसच्या आयआयटीनं तसाच प्रयोग मोठ्या प्रमाणावर केला. मग एआयसीटीईनं देशभरच्या कॉलेजांसाठी तीन आठवड्यांचा आराखडा आणला. त्यात खेळ, कला, गावातल्या भेटी, वीसेक मुलांच्या गटाला एक शिक्षक, अशा गोष्टी आहेत. आता काही ठिकाणी तीन आठवड्यांचे तीन दिवस होतात आणि त्यातले दोन प्लेसमेंटच्या आकड्यांत जातात, हे मलाही माहीत आहे. तरीही जा म्हणतो. का ते सांगतो.

सीईटीचं गणित आठवा. १५० प्रश्न, १८० मिनिटं, निगेटिव्ह मार्किंग नाही. म्हणजे येत नसलं तरी एक पर्याय निवडा आणि पुढे चला. दोन वर्षं क्लासमध्ये हेच घोटून घेतलेलं असतं. "मला हे कळलं नाही" असं थांबून म्हणायला त्यात जागाच नाही. आणि नेमकं तेच वाक्य पुढे चार वर्षं (आणि नंतर नोकरीत) सगळ्यात जास्त लागतं. आमच्या टीममध्ये नवीन मुलं येतात. हुशार असतात, पण एखाद्या एररपाशी तीन-तीन दिवस गप्प बसून राहतात. विचारलं असतं तर पाच मिनिटांचं काम होतं. त्यांना कोडिंग येतं, विचारायची सवय नसते.

ही सवय लावायला इंडक्शनसारखी जागा नाही, कारण तिथे मार्क नाहीत. चुकीचा प्रश्न विचारला तर काहीही कापलं जात नाही. नंतर अटेंडन्स, युनिट टेस्ट, सबमिशन सुरू झालं की प्रत्येक जण आपापली फाइल सांभाळायला लागतो. तोवर घोळकेही ठरून गेलेले असतात. एकाच क्लासचे, एकाच शाळेचे, एकाच हॉस्टेलचे.

ह्यात सगळ्यात मागे राहतो तो मराठी माध्यमातून आलेला मुलगा किंवा मुलगी. प्रश्न मनात मराठीत तयार होतो, आणि त्याचं इंग्रजी जुळवेपर्यंत सर पुढच्या स्लाइडवर. मग तो प्रश्न वहीतच राहतो. माझं म्हणणं एवढंच: मराठीत विचारा की! महाराष्ट्रातल्या कॉलेजात समोरच्याला तो बहुतेक वेळा कळतोच. २०२१ पासून एआयसीटीईनं मराठीतून इंजिनिअरिंग शिकवायलाही परवानगी दिलीय. मग वर्गात मराठीतून शंका विचारायला कसली लाज? इंग्रजी येईल सावकाश, ते शिकायला चार वर्षं आहेत.

तर तयारी काय करायची?

एक, विद्यापीठाच्या साइटवरून पहिल्या वर्षाचा सिलॅबस उतरवून घ्या. अभ्यास नको, नुसता वाचा. 'मला कॉम्प्युटर करायचंय, मग मेकॅनिक्स कशाला?' असा प्रश्न पडेल. तो लिहून ठेवा आणि तिथे विचारा.

दोन, एटीकेटी, अटेंडन्स आणि ब्रँच बदलायचे नियम विचारून घ्या. निकालानंतर नोटीस बोर्डापुढे उभं राहून ते समजून घेण्यात अर्थ नाही.

तीन, रॅगिंगविरोधी प्रतिज्ञापत्र वाचून सही करा. पालकांनीसुद्धा. महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा १९९९ पासून आहे, यूजीसीचे नियम २००९ पासून. हेल्पलाइनचा नंबर १८००-१८०-५५२२. मोबाइलमध्ये सेव्ह करा, लागला नाही तर उत्तमच.

चार, पहिल्या दिवशी ओळखीच्या मित्राशेजारी बसू नका. अवघड वाटतं, पण करून बघा.

आता एक गोष्ट खरंच खटकते. ज्यांना ह्या दिवसांची सगळ्यात जास्त गरज असते, त्यांतल्या अनेकांना ते मिळतच नाहीत. शेवटच्या राउंडला ॲडमिशन मिळालेली मुलं येतात तेव्हा बऱ्याचदा कार्यक्रम आटोपलेला असतो. आणि डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला येणाऱ्यांचं काय? इंडक्शन पहिल्या वर्षासाठी, म्हणून हे थेट चालू वर्गात. ना गट, ना शिक्षक, ना ओळख. खरं तर ह्यांनी वर्कशॉपमध्ये आपल्यापेक्षा जास्त काम केलेलं असतं! कॉलेजांनी त्यांच्यासाठी निदान आठवडाभर वेगळा काढावा असं माझं ठाम मत आहे.

ते होईल तेव्हा होईल. तोवर तुम्ही दुसऱ्या वर्षात असाल आणि ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये मागच्या बाकावर कुणी नवीन चेहरा दिसला, तर त्याला लायब्ररी, लॅब आणि चांगला चहा कुठे मिळतो एवढं तरी दाखवा. अर्ध्या तासाचं काम आहे.