काळी तार

जेवणाच्या खोलीत डिमर बसवायचा ठरला. जुन्या पिवळ्या बल्बला बहुधा कुठलाही डिमर चाले. एलईडीचे तसे नाही; बल्बवर ‘डिमेबल’ लिहिलेले हवे आणि डिमरही एलईडीचा हवा, नाहीतर दिवा लुकलुकतो. दिवा दोन बटणांनी लागत असेल तर ‘थ्री-वे’ घ्यावा. (बटणे दोन, नाव थ्री! असो.)

ब्रेकर पाडला, मुलीच्या हाती बॅटरी दिली, जुने बटण काढले. बटणाला दोन्ही तारा काळ्या! आम्ही भारतातले इंजिनियर. म्हटले, “न्यूट्रलवर बटण कोणा गाढवाने लावले?” मुलगी हातातले पत्रक वाचून म्हणाली, “बाबा, काळी म्हणजे हॉट.”

खरेच की! आपल्याकडच्या घरांत लाल फेज, काळी न्यूट्रल. इथे करंट काळीत, न्यूट्रल पांढरी. आणि काही ठिकाणी बटणाकडे आलेल्या पांढरीतही करंट असतो.

पालकहो, हे काम घरी करू नका असे आमचे म्हणणे नाही. पण पदवीवर विसंबू नका. ब्रेकर पाडल्यावरही टेस्टर लावा. तो टेस्टर आधी चालू प्लगवर तपासा. शंका आली तर सरळ इलेक्ट्रिशियनला बोलवा, त्यात लाज कसली?

डिमर बसला. पत्रक मुलीनेच वाचले.