कोरडे डोळे, प्रकाशाचा झोत आणि आपला सावळा रंग

गेल्या वर्षी अम्मीला घेऊन शहरातल्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात गेलो होतो. अम्मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका. तीन-चार वर्षांपासून तिच्या डोळ्यांची आग होते. सकाळी उठल्यावर पापण्या चिकटलेल्या असतात, दुपारी वर्तमानपत्राची दोन पानं वाचली की अक्षरं धूसर होतात. “आँखां में रेती पडी सरीखा होता,” ही तिची रोजची तक्रार. त्यात डोळ्यांतून पाणीही वाहतं. त्यामुळे कुणीतरी ‘डोळे कोरडे पडलेत’ म्हटलं की घरातले हसायचे. पाणी वाहणारा डोळा कोरडा कसा असेल?

त्या दवाखान्यात डॉक्टरांनी पाचेक मिनिटं तपासलं आणि आम्हाला बाहेरच्या टेबलावर पाठवलं. तिथल्या मुलीने एक रंगीत पत्रक पुढे केलं. ‘लाइट थेरपी’, चार बैठका, एकदम पैसे भरले तर सवलत. पत्रकावर डोळ्यांवर चष्म्यासारखं झाकण लावलेली एक गोरीपान बाई होती. मी अम्मीकडे पाहिलं. उभा जन्म मराठवाड्याच्या उन्हात गेलेला तिचा गडद सावळा चेहरा. सहज विचारलं, “हे यांच्या रंगाला चालेल ना?” मुलगी हसून म्हणाली, “सर, सगळ्यांना चालतं.”

त्या तीन शब्दांमुळे मला हा लेख लिहावासा वाटला. सगळ्यांना चालतं, हे खरं नाही. आणि जे चालतं, ते कुणाला, कशासाठी आणि कशाच्या जोडीने, हे समजून न घेता पैसे भरणारी माणसं आपल्यातच आहेत.

आधी आजार समजून घेऊ. डोळ्यावर अश्रूंचा एक पातळ पडदा कायम असतो. त्यात पाणी असतं, ते डोळ्याला चिकटवून ठेवणारा श्लेष्म असतो आणि सगळ्यात वर तेलाचा अगदी पातळ थर असतो. हे तेल पापण्यांच्या कडेला असलेल्या बारीक ग्रंथींतून येतं. वरच्या पापणीत अशा साधारण ३० ते ४० आणि खालच्या पापणीत २० ते ३० ग्रंथी असतात. हाइनरिख मायबोम या जर्मन वैद्याने १६६६ साली त्यांचं वर्णन केलं, म्हणून त्यांना मायबोमियन ग्रंथी म्हणतात. आपण पापणी मिटतो तेव्हा थोडं तेल बाहेर येतं, डोळ्यावर पसरतं आणि खालचं पाणी उडून जाऊ देत नाही.

या ग्रंथी बिघडल्या की तेल घट्ट होतं. थंडीत खोबरेल तेलाची बाटली उलटी केली तरी थेंब पडत नाही, तसंच काहीसं. मग पाणी भराभर उडून जातं, डोळ्याचा पृष्ठभाग उघडा पडतो, जळजळ होते. जळजळ झाली की मेंदू घाईघाईने भरपूर पाणी सोडतो. पण त्या पाण्यात तेल नसतं, ते गालावर ओघळतं आणि डोळा पुन्हा कोरडा. अम्मीच्या वाहत्या डोळ्यांचं कोडं हे असं आहे. कोरड्या डोळ्यांच्या तक्रारींत हा तेलाचा बिघाड फार मोठ्या प्रमाणावर आढळतो. दुसऱ्या प्रकारात मुळात पाणीच कमी तयार होतं. शोग्रेन सिंड्रोमसारख्या आजारांत तसं होतं.

प्रकाशाच्या उपचाराचा संबंध येतो तो पहिल्या प्रकाराशी. त्याचं नाव इंटेन्स पल्स्ड लाइट, म्हणजे आयपीएल. हा लेझर नव्हे. झेनॉनच्या दिव्यातून निघणारा तीव्र प्रकाश फिल्टरमधून गाळून क्षणभराच्या झोतांनी त्वचेवर सोडतात. त्वचारोगतज्ज्ञ तो आधीपासून चेहऱ्यावरची लाली आणि नको असलेले केस यांसाठी वापरत होते. अमेरिकेतल्या टेनेसी राज्यातले डॉ. रोलांडो टोयोस यांच्या लक्षात आलं की रोझेशिया या त्वचाविकारासाठी हा उपचार घेणाऱ्या रुग्णांचे कोरडे डोळेही सुधारतायत. तिथून हे तंत्र डोळ्यांच्या दवाखान्यात आलं.

झोत डोळ्यावर मारत नाहीत. डोळे पूर्ण झाकून, जेल लावून, खालच्या पापणीखालच्या गालावर एका कानापासून नाकावरून दुसऱ्या कानापर्यंत तो दिला जातो. नंतर बहुतेक डॉक्टर पापण्या दाबून साचलेलं तेल बाहेर काढतात. पापणीच्या कडेला सूज वाढवणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या या प्रकाशाने बंद होतात, उष्णतेने तेल सैल होतं आणि पापण्यांच्या मुळाशी राहणारे डेमोडेक्स नावाचे सूक्ष्म किडे कमी होतात, अशी त्यामागची मांडणी आहे.

उपयोग होतो का? २०२० साली कोक्रेन या संस्थेने तोवरच्या चाचण्यांचा आढावा घेतला. त्यांच्या निकषांत बसणाऱ्या चाचण्या मिळाल्या फक्त तीन, रुग्ण ११४. एवढ्यावरून ठाम काही सांगता येत नाही, असा निष्कर्ष निघाला. त्यानंतर चाचण्या वाढल्या. खोटा झोत देऊन तुलना केलेल्या अभ्यासांतही रुग्णांना फायदा दिसला. एप्रिल २०२१ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने या कामासाठी पहिल्या आयपीएल यंत्राला मान्यता दिली. तेव्हा हा उपचार थोतांड आहे, असं मी म्हणणार नाही. ज्यांना तो योग्य तऱ्हेने मिळाला त्यातल्या अनेकांना आराम पडला आहे.

पण त्या मान्यतेच्या अटी काय आहेत, हे त्या रंगीत पत्रकावर नव्हतं. मान्यता आहे ती २२ वर्षांवरच्या, तेलग्रंथींच्या बिघाडामुळे मध्यम ते तीव्र त्रास असलेल्या रुग्णांसाठी. तीही गरम शेक, कृत्रिम अश्रूंचे थेंब, पापण्या दाबून तेल काढणं अशा उपचारांना पूरक म्हणून, त्यांच्या ऐवजी नव्हे. आणि तिसरी अट सगळ्यात महत्त्वाची. फिट्झपॅट्रिक मोजपट्टीवर त्वचेचा प्रकार पहिला ते चौथा असला पाहिजे.

ही मोजपट्टी हार्वर्डचे त्वचारोगतज्ज्ञ थॉमस फिट्झपॅट्रिक यांनी १९७५ साली मांडली. उन्हात त्वचा किती भाजते आणि किती काळवंडते, यावरून तिचे प्रकार ठरतात. सुरुवातीला त्यात गोऱ्या त्वचेचेच चार प्रकार होते. सावळ्या आणि काळ्या त्वचेचे पाचवा आणि सहावा हे प्रकार नंतर जोडले गेले. भारतीय माणसं मोठ्या संख्येने चौथ्या आणि पाचव्या प्रकारात मोडतात. म्हणजे आपल्याकडच्या एकाच घरात एक बहीण अटीच्या आत आणि दुसरी बाहेर, असं सहज होऊ शकतं.

या अटीमागे साधं भौतिकशास्त्र आहे. झोताने रक्तातला लाल रंग तापावा, ही अपेक्षा असते. पण त्वचेतलं मेलॅनिन तोच प्रकाश वाटेत शोषून घेतं. मेलॅनिन जितकं जास्त तितकी त्वचा जास्त तापते. भाजणं, फोड येणं, काळे किंवा पांढरे डाग पडणं हे धोके त्यातून येतात. काही डॉक्टर ऊर्जा कमी करून, फिल्टर बदलून, कानाजवळ आधी लहानशी चाचणी घेऊन सावळ्या त्वचेवरही काळजीपूर्वक हा उपचार करतात. तो त्यांच्या अनुभवाचा भाग आहे. पण त्यासाठी आधी रुग्णाच्या चेहऱ्याकडे बघावं लागतं. ‘सगळ्यांना चालतं’ म्हणणाऱ्याने बघितलेलंच नसतं.

हा प्रश्न एका यंत्रापुरता नाही. कोरोनाच्या काळात बोटाला लावायचा ऑक्सिमीटर आपल्या घराघरात आला. तोही प्रकाशावरच चालतो. डिसेंबर २०२० मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये मिशिगनच्या डॉक्टरांनी दाखवून दिलं की रक्तातला ऑक्सिजन धोकादायक पातळीपर्यंत घटलेला असूनही यंत्राने तो ठीक दाखवण्याचं प्रमाण गोऱ्या रुग्णांपेक्षा काळ्या रुग्णांत जवळपास तिप्पट होतं. यंत्र मुद्दाम भेदभाव करत नाही. ते ज्यांच्या कातडीवर पारखलं गेलं, त्यांना ते नीट ओळखतं, एवढंच.

म्हणून माझी तक्रार उपचाराबद्दल नाही, तो विकण्याच्या पद्धतीबद्दल आहे. आपल्याकडे कोरड्या डोळ्यांचा रुग्ण दोन टोकांत सापडतो. एकीकडे त्याला ‘काही नाही, मोबाईल कमी बघा’ म्हणून परत पाठवलं जातं. वर्षानुवर्षं सोसणाऱ्या बायका, शिलाईकाम करणारे, यंत्रमागावर जागणारे, संगणकापुढे दहा तास बसणारी पोरं, सगळ्यांना हेच उत्तर. दुसऱ्या टोकाला, खिशात पैसे दिसले की थेट पॅकेज. मधली जी पायरी आहे, म्हणजे कोरडेपणा कोणत्या प्रकारचा हे शोधणं, ती दोन्हीकडे गाळली जाते.

आम्ही पैसे न भरता दुसऱ्या डॉक्टरबाईंकडे गेलो. त्यांनी फार महागडं काही केलं नाही. पापणीच्या आत कागदाची पट्टी पाच मिनिटं ठेवून पाणी किती येतं ते मोजलं. पिवळा रंग टाकून अश्रूंचा पडदा किती सेकंदांत फाटतो ते पाहिलं. दहा सेकंदांच्या आत फाटला तर गडबड समजायची, अम्मीचा चारच सेकंदांत फाटला. मग त्यांनी पापणी हलकेच दाबली. तेलाऐवजी टूथपेस्टसारखं घट्ट काहीतरी बाहेर आलं. “बाई, तुमच्या डोळ्यांत पाणी भरपूर आहे, वरचं झाकण नाहीये,” त्या म्हणाल्या. चार वर्षांत पहिल्यांदा अम्मीला कुणीतरी तिचा आजार तिला कळेल असा सांगितला. घरी येताना ती रिक्षात म्हणाली, “म्हणजे मी खोटं बोलत नव्हते.” ते वाक्य अजून टोचतं. कारण तिला खोटं ठरवणाऱ्यांत मीही होतो.

उपाय साधे होते. रोज दोनदा दहा मिनिटं सोसवेल इतका गरम शेक, नंतर पापण्यांची हलकी मालिश आणि स्वच्छता, संरक्षक रसायन नसलेले थेंब, आणि वाचताना जाणीवपूर्वक पापण्या पूर्ण मिटणं. सुरमा आणि काजळ पापणीच्या आतल्या कडेला लावणं बंद, कारण ग्रंथींची तोंडं नेमकी तिथेच असतात. बाजारातल्या काही सुरम्यांत शिसं आढळलं आहे, ही भीती वेगळीच.

आणखी एक गोष्ट बाईंनी विचारली आणि तीही आमच्या लक्षात आली नव्हती. रमजानमध्ये अम्मी दिवसभर थेंब बंद ठेवायची. रोजा तुटेल म्हणून. दरवर्षी त्याच महिन्यात त्रास का वाढतो, याचं उत्तर तिथे होतं. १९९७ साली जेद्दाहच्या आंतरराष्ट्रीय फिकह अकादमीने ठराव केला आहे की डोळ्यांत थेंब टाकल्याने रोजा तुटत नाही, घशात उतरलेलं मात्र गिळू नये. आपल्याकडच्या हनफी उलेमांचं आणि कोकणातल्या शाफई परंपरेचं मतही थेंबांना परवानगी देणारंच आहे. शंका असेल तर आपल्या मौलानांना विचारा, पण विचारल्याशिवाय महिनाभर डोळे जाळू नका.

तीन महिन्यांत अम्मीचा त्रास निम्म्यावर आला. पूर्ण गेलेला नाही. प्रकाशाच्या उपचाराबद्दल बाईंनी ‘नको’ म्हटलं नाही. “गरज वाटली तर आधी लहान चाचणी घेऊ, त्वचारोगतज्ज्ञांना दाखवू, मग ठरवू,” असं म्हणाल्या. पापणीला थेट उष्णता देणारी यंत्रंही आहेत, त्यांत त्वचेच्या रंगाचा अडसर येत नाही, हेही त्यांनी सांगितलं.

तुमच्या घरात कुणी हा उपचार घेणार असेल तर पैसे भरण्याआधी एवढं विचारा. माझा कोरडेपणा तेलाचा की पाण्याचा, आणि ते कोणत्या तपासणीत दिसलं? शेक आणि थेंब काही आठवडे नीट करून पाहिले का? माझ्या त्वचेचा प्रकार कोणता ठरवलात आणि आधी चाचणी घेणार का? डोळे कशाने झाकणार? यातला शेवटचा प्रश्न ब्युटी पार्लरमध्ये जाणाऱ्या मुलींनीही विचारावा. पुरेसं संरक्षण नसताना डोळ्यांजवळ आयपीएल केल्याने बुबुळाला इजा झाल्याची उदाहरणं वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेली आहेत. आणि चालू असलेली औषधं न विचारताही सांगा. याच पापण्यांच्या आजारासाठी दिली जाणारी डॉक्सिसायक्लीन त्वचेला प्रकाशाबाबत जास्त हळवी करते.

आपल्या डोळ्यांच्या मोठ्या रुग्णालयांकडेही एक मागणी आहे. ही यंत्रं तुम्ही रोज सावळ्या चेहऱ्यांवर चालवता. किती जणांना आराम पडला, किती जणांना डाग पडले, कोणत्या ऊर्जेवर, हे मोजा आणि छापा. ही माहिती बोस्टनहून किंवा टोकियोहून येणार नाही. ती फक्त इथेच तयार होऊ शकते, आमच्या अम्मीसारख्या बायकांच्या गालांवर. त्यांच्याकडून पैसे घेतले जातातच आहेत, निदान त्यांची नोंद तरी व्हावी.