मॉरिशसच्या मराठी पूर्वजांचा माग
एकोणिसाव्या शतकात कोकणातून मॉरिशसला गेलेल्या पूर्वजाचा शोध घेणाऱ्या तेथील मराठी कुटुंबाने पुण्याच्या पुरालेखागाराआधी मॉरिशसमधल्याच मोका येथील महात्मा गांधी संस्था गाठलेली बरी. कारण 1834 पासून गिरमिटाखाली, म्हणजे ठरावीक वर्षे उसाच्या मळ्यात राबण्याच्या करारावर, नेलेल्या भारतीय मजुरांच्या नोंदवह्या तेथे जतन केल्या आहेत. पोर्ट लुई बंदरात उतरणाऱ्या मजुराला क्रमांक मिळे आणि त्यापुढे कारकून नाव, बापाचे नाव, वय, उंची, जात, अंगावरची खूण, जिल्हा व गाव लिहून ठेवी; 1860 च्या दशकापासून त्यात छायाचित्राचीही भर पडली. अडचण अशी, की हे सारे ऐकून रोमन लिपीत उतरवलेले असल्याने जिल्हा रत्नागिरी हे ओळखू येते, गावाचे नाव मात्र कित्येकदा लागत नाही. पुण्याच्या पुरालेखागारातील पेशवे दप्तराचा आधारही येथे तोकडाच पडतो, कारण ते मोडी कागद मुख्यतः 1818 पूर्वीच्या राज्यकारभाराचे असून त्यांत खोत, म्हणजे गावचा सारा वसूल करणारा वतनदार, सापडतो. त्याची जमीन कसणारे कूळ क्वचितच. तेव्हा शोधकाने मॉरिशसच्या नोंदीची प्रत हाती घेऊन, मोडी जाणणाऱ्याच्या मदतीने, मूळ तालुक्याच्या अभिलेख कक्षातील जुन्या जन्ममृत्यूच्या नोंदी तपासाव्यात.