दाभोळची हमी आणि कचऱ्याची हमी

सरकारी खरेदीहमी म्हणजे काय, हे रत्नागिरी जिल्ह्याला कोणी शिकवायला नको. चिपळूणवरून वाहणारी वाशिष्ठी जिथे सागराला मिळते, तिथे दाभोळच्या खाडीकाठी एन्रॉनचा प्रकल्प उभा राहिला, तो अशाच एका हमीच्या बळावर. डिसेंबर १९९३ च्या करारानुसार वीज मंडळाने वीज उचलो वा न उचलो, स्थिर आकार भरायचाच होता; दर डॉलरशी बांधलेला होता आणि वर राज्याची हमी व केंद्राची प्रतिहमी होती. १९९५ मध्ये युती सरकारने तो करार रद्द केला आणि, हेही विसरता कामा नये, १९९६ मध्ये सुधारित रूपात स्वीकारला. १९९९ मध्ये वीज आली, २००१ मध्ये प्रकल्प बंद पडला.

त्यामुळे आता कचऱ्यापासूनच्या वायूला खरेदीची हमी म्हटले की येथील जाणत्या माणसाच्या कपाळाला आठी पडते. ती या वेळी अस्थानी आहे, असे आमचे मत आहे. १ ऑक्टोबर २०१८ रोजी केंद्राने सुरू केलेल्या ‘सतत’ योजनेत शेण, ओला कचरा, पिकांचे अवशेष यांपासून वायू काढायचा, तो शुद्ध करून दाबाखाली भरायचा आणि वाहनांसाठी सरकारी तेल कंपन्यांनी तो विकत घ्यायचा, अशी व्यवस्था आहे. आरंभीचा दर होता किलोला ४६ रुपये. पैसे हाती आलेल्या वायूचेच आणि तेही रुपयांत. या हमीचा दोष एन्रॉनच्या नेमका उलट आहे. ती उत्पादकाला फार थोडे देते. २०२३ पर्यंत ५,००० प्रकल्पांचे उद्दिष्ट होते. चालू प्रकल्पांची संख्या त्याच्या जवळपासही पोहोचली नाही.

कारण उघड आहे. हमी मिळाली ती शेवटच्या टोकाला, वायूला. कच्च्या मालाचे काय? पंजाब-हरयाणाकडे पेंढ्याचे ढीग आहेत, पश्चिम महाराष्ट्राकडे साखर कारखान्यांची मळी आहे. कोकणाकडे काय आहे? मार्च ते मे काजूच्या बागांत बोंडू कुजतात, मे-जूनमध्ये आंब्याच्या कारखान्यांमागे कोयी आणि साली साचतात. मग पाऊस लागतो, मासेमारीही दोन महिने बंद होते. गोठे तर चाकरमान्यांच्या घरांबरोबरच रिकामे झाले. पण टाकीतल्या जिवाणूंना रोज घास लागतो. हंगाम संपला हे त्यांना कोण सांगणार? म्हणून चिपळूणसारख्या ठिकाणी असा प्रकल्प चालायचा, तर त्याचा नित्याचा आधार शहराचा ओला कचरा, भाजीबाजार आणि उपाहारगृहे हाच असणार. बोंडू आणि कोयी ही वरकड आवक. त्या कचऱ्यात प्लास्टिक आले की यंत्रे तुंबलीच. ही जबाबदारी नगरपरिषदेइतकीच आपल्या स्वयंपाकघरांचीही आहे.

(वाडीवरची गोष्ट वेगळी. शेजारच्या सिंधुदुर्गात झारापच्या भगीरथ प्रतिष्ठानाने घरोघरी हजारो जैववायू संयंत्रे बांधून दिली. तिथला वायू घरच्याच चुलीला लागतो. त्याला हमी लागत नाही.)

दुसरे टोक मागे उरणाऱ्या रबडीचे. जून २०२३ मध्ये केंद्राने अशा सेंद्रिय खताला टनाला १,५०० रुपयांचे साहाय्य मंजूर केले, हे योग्यच झाले. परंतु पातळ रबडी डोंगरउतारावरच्या बागेत चढवणे परवडत नाही आणि वाळवायची म्हटली तर कोकणात चार महिने ऊन कुठले? छप्पर असलेली वाळवणीची शेड हा येथे प्रकल्पखर्चाचाच भाग धरला पाहिजे.

वायूला गिऱ्हाईक मात्र येणार आहे. २०२५-२६ पासून शहरी वायू वितरकांनी १ टक्का जैववायू मिसळावा आणि २०२८-२९ पर्यंत हे प्रमाण ५ टक्क्यांवर न्यावे, असे केंद्राचे बंधन आहे. ज्या दाभोळला २०१३ पासून परदेशी वायूची जहाजे रिकामी होतात, त्याच खाडीच्या वरच्या अंगाला हा वायू तयार होऊ शकतो. त्यासाठी नगरपरिषदेने रोज ठरावीक वजनाचा, वेगळा केलेला ओला कचरा किमान दहा वर्षे पुरवण्याचा करार करावा. भेसळ निघाल्यास वा पुरवठा तुटल्यास भरपाईचे कलमही त्यात असावे. तेल कंपनीच्या इरादापत्रासोबत असा करार जोडलेला असला, तर उद्योजकाला बँकेच्या दारात हेलपाटे घालावे लागणार नाहीत.