भिंतीतल्या पोळ्यावर औषध मारू नका

संपादक महोदय,


घराच्या भिंतीत शिरलेल्या मधमाश्यांवर नगरपालिकेने फुकट फवारणी करून द्यावी, अशी मागणी आपल्या पत्रसदरात एका वाचकाने केली आहे. घरात तान्हे मूल आणि खिडकीच्या चौकटीमागून माश्यांची ये-जा, म्हटल्यावर कोणीही घाबरेल. पण त्यांनी मागितलेला उपाय त्यांनाच महागात पडेल.

भिंतीतल्या माश्या बहुधा सातेरी असतात. आग्या माशी वेगळी. ती उघड्यावर, उंच इमारतीच्या सज्जाखाली किंवा झाडाच्या फांदीला एकच मोठे पोळे लावते आणि चवताळली तर जिवावर बेतते. तिच्या वाटेला घरच्या माणसांनी जाऊच नये. सातेरीला अंधारी पोकळी लागते. झाडाची ढोली, जुन्या वाड्याची भिंत, विजेच्या मीटरची पेटी, काहीही चालते. आत शेजारी-शेजारी अनेक पोळी लावून ती राहते आणि डिवचले नाही तर सहसा चावत नाही.

आता फवारणीचे पाहा. माश्या मरतात, पण पोळी, अळ्या आणि मध भिंतीतच राहतात. अळ्या कुजून दुर्गंधी सुटते. उन्हाळ्यात पंखांनी वारा घालून पोळे थंड ठेवणारे कोणी उरलेले नसते, म्हणून मेण मऊ पडते, मध पाझरतो आणि गिलाव्यावर तपकिरी, चिकट ओल फुटते. मागोमाग मुंग्या, झुरळे, मेणकिडा. जुन्या मेणाच्या वासावर पुढच्या हंगामात नवे मोहोळ त्याच भोकातून आत शिरते. वर, हा विषारी मध लुटायला आजूबाजूच्या शेतकऱ्यांच्या पेट्यांतल्या माश्या येतात आणि विष घरी घेऊन जातात. फवारणी करणाऱ्या कंत्राटदाराच्या पावतीवर यातले काहीच लिहिलेले नसते.

आमच्या गल्लीतल्या एका वाड्यात मोहोळ जिवंत काढताना मी पाहिले आहे. मधपाळाने थोडी धुरी दिली, गिलावा आणि चार विटा काढल्या. अळ्यांची पोळी सुरीने अलगद कापून लाकडी चौकटींत दोऱ्याने बांधली. मधाचा कांदा, म्हणजे पोळ्याचा मध साठलेला भाग, वेगळा ठेवला. खरा खेळ राणीचा. ती सापडून पेटीत गेली, तेव्हा काही माश्या पेटीच्या दारात शेपूट वर करून पंख फडफडवू लागल्या. मधपाळ म्हणाला, ‘‘आता या बाकीच्यांना हाक मारतायत.’’ अंधार पडेपर्यंत जवळजवळ सगळ्या आत गेल्या आणि पेटी रात्रीच हलवली. वाड्याच्या मालकिणीची तक्रार एवढीच, की विटांचा चुरा स्वयंपाकघरापर्यंत आला.

भिंत फोडायची म्हणजे खर्च आलाच. पण फवारणीनंतर कुजलेली पोळी काढायला तीच भिंत फोडावी लागते, आणि तेव्हा ते काम कोणी आनंदाने करत नाही.

आपल्या जिल्ह्यात तर हे काम जाणणाऱ्या माणसांची वाण असू नये. महाबळेश्वरला राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळाचे मध संचालनालय आहे, जवळचेच मांघर २०२२ मध्ये देशातले पहिले ‘मधाचे गाव’ म्हणून जाहीर झाले. साप निघाला की सर्पमित्राचा नंबर गावात चौथीतल्या मुलालाही माहीत असतो. तशीच प्रशिक्षित मधपाळांची यादी, ठरलेल्या दरासकट, नगरपालिकेने फलकावर लावावी. मीटरच्या पेटीतले पोळे असेल तर वीज बंद करायला वायरमनही सोबत हवा, हे त्या यादीखालीच लिहावे. आणि पोळे काढल्यावर पोकळीतले मेण खरवडून ती विटा-सिमेंटने बुजवलीच पाहिजे, नाहीतर सगळा खटाटोप फुकट.

बुजवण्याचा खर्च घरमालकाने करायचा की भाडेकरूने, यावर मात्र मी पत्र लिहिणार नाही.

आपला,
एक वाचक, वाई